मराठी कथात्म साहित्यातील हवामानवर्णन : वातावरणनिर्मितीचे स्वरूप आणि कार्य

सारांश

कथा-कादंबरीतील पाऊस, ऊन, थंडी, धुके, वारा यांच्या वर्णनाकडे पुष्कळदा केवळ 'निसर्गवर्णन' म्हणून पाहिले जाते आणि ते सौंदर्यस्थळांच्या यादीत जाऊन बसते. प्रत्यक्षात असे वर्णन कथेचा काळ आणि स्थळ निश्चित करते, पात्रांचा स्वभाव व सामाजिक स्थान उघड करते, कथानकाला गती किंवा अडथळा देते आणि पुढे घडणाऱ्या गोष्टीची सूचना देते. प्रस्तुत लेखात भारतीय काव्यशास्त्र व पाश्चात्त्य समीक्षा यांतील संबंधित संकल्पनांच्या आधारे हवामानवर्णनाची ही कार्ये स्पष्ट केली आहेत. दुष्काळासारख्या आपत्तीचे वर्णन करताना मानवी जबाबदारी झाकली जाते की उघड होते, हा प्रश्नही लेखात मांडला असून, कथेच्या अध्यापनात या विचाराचा उपयोग कसा करता येईल याचे दिग्दर्शन केले आहे.

बीजसंज्ञा : हवामानवर्णन, वातावरणनिर्मिती, उद्दीपन विभाव, औचित्य, ग्रामीण साहित्य, दुष्काळ.

प्रस्तावना

कथा म्हटली की घटना, पात्रे, संघर्ष आणि निवेदन या घटकांची चर्चा प्रामुख्याने होते. वातावरण हा घटक मात्र बहुधा शेवटी आणि थोडक्यात उरकला जातो. 'लेखकाने पावसाचे सुंदर वर्णन केले आहे' किंवा 'निसर्गवर्णनामुळे कथेला काव्यात्मता प्राप्त झाली आहे' अशी विधाने विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत नेहमी आढळतात. ती चुकीची नसतात, पण अपुरी असतात. पाऊस सुंदर आहे म्हणजे काय? तो कोणाला सुंदर वाटतो? ज्याचे छप्पर गळते त्याला, की खिडकीत उभा राहून पाहणाऱ्याला? हा पाऊस कथेतून काढून टाकला तर कथेचे काही बिघडते का? हे प्रश्न विचारले की वर्णन हा अलंकार न राहता कथेच्या रचनेचा भाग बनतो.

मराठी भाषकांच्या जीवनाचा ऋतूंशी असलेला संबंध जवळचा आहे. राज्यातील शेतीचा मोठा भाग पावसावर अवलंबून आहे. सह्याद्रीच्या एका बाजूला कोकणात वर्षाला २,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच डोंगररांगेच्या पर्जन्यछायेत असलेल्या माणदेशात तो सुमारे ५०० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असतो. काही तासांच्या प्रवासात हवामान, पीक, घराची बांधणी, अन्न आणि बोली बदलते. साहजिकच मराठी कथेतील 'पाऊस' हा एकच एक पाऊस नाही. तो कोणत्या प्रदेशातला, कोणत्या महिन्यातला आणि कोणाच्या वाट्याचा, हे पाहणे अगत्याचे ठरते.

उद्दिष्टे

१. हवामान, ऋतू आणि वातावरण या संकल्पनांतील भेद स्पष्ट करणे.
२. भारतीय व पाश्चात्त्य साहित्यविचारातील संबंधित संकल्पनांचा परिचय करून देणे.
३. मराठी कथात्म साहित्यातील हवामानवर्णनाची कार्ये सोदाहरण विशद करणे.
४. आपत्तीच्या चित्रणातील जबाबदारीच्या प्रश्नाकडे लक्ष वेधणे.
५. अध्यापनाच्या दृष्टीने उपयुक्त सूत्रे मांडणे.

अभ्यासपद्धती

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. निवडलेल्या साहित्यकृती प्रातिनिधिक आहेत. मराठी साहित्याचा समग्र आढावा घेणे हा लेखाचा हेतू नाही. वर्णनतंत्र स्पष्ट करण्यासाठी दिलेली लहान वाक्ये ही केवळ उदाहरणादाखल रचलेली आहेत.

१. हवामान, ऋतू आणि वातावरण

हवामान ही एखाद्या ठिकाणची, एखाद्या वेळची प्रत्यक्ष स्थिती होय : आज दुपारी मळभ आहे, वारा पडला आहे, उकाडा वाढला आहे. ऋतू हे त्याहून मोठे, आवर्तनात येणारे चक्र होय. त्यामुळे ऋतूविषयी वाचकाच्या मनात आधीपासून अपेक्षा असते. जूनमध्ये पाऊस आला तर तो अपेक्षापूर्ती असतो, आणि नाही आला तर तो ताण असतो. 'वातावरण' या मराठी शब्दाला मात्र दुहेरी अर्थ आहे. हवेचे आवरण हा त्याचा शास्त्रीय अर्थ, तर घरातील किंवा सभेतील मनःस्थिती हा त्याचा लाक्षणिक अर्थ. 'घरातले वातावरण तंग होते' असे म्हणताना हवामानाचेच रूपक नकळत वापरले जाते. कथाकार या दुहेरीपणाचा उपयोग करून घेतो. तो हवामान सांगतो आणि वाचकाला वातावरण जाणवते.

मराठीतील हवामानविषयक शब्दसंपत्ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. भुरभूर, रिमझिम, सर, संततधार, झड, मुसळधार, वळीव, अवकाळी हे सारे पाऊसच, पण प्रत्येकाचा वेग, काळ आणि परिणाम वेगळा. वळवाचा पाऊस उन्हाळ्याच्या अखेरीस गडगडाटासह येतो, थोडा वेळ झोडपतो आणि निघून जातो. झड लागली की दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही, चूल पेटत नाही, मजुरी बुडते. मृगापासून हस्तापर्यंतच्या नऊ नक्षत्रांनी शेतकऱ्याचा पावसाळा मोजला जातो. पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' म्हणणाऱ्या लोकभाषेने तर पावसाला वयही दिले आहे. 'वाफसा' या शब्दात जमिनीतील ओल पेरणीला योग्य झाल्याची स्थिती नेमकी पकडलेली आहे. कथेत असा शब्द आला की काळ, व्यवसाय, प्रदेश आणि पात्राचे ज्ञान या चार गोष्टी एकदम सांगितल्या जातात.

२. भारतीय काव्यशास्त्रातील पूर्वपीठिका

हवामानाचा भावनेशी असलेला संबंध भारतीय साहित्यविचाराने फार पूर्वीच ओळखला होता. भरताच्या रससूत्रात विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने रसनिष्पत्ती होते असे म्हटले आहे. उत्तरकालीन शास्त्रकारांनी विभावाचे आलंबन आणि उद्दीपन असे दोन प्रकार मानले. ज्या व्यक्तीविषयी भावना निर्माण होते ती आलंबन. ती भावना ज्यामुळे प्रज्वलित होते ते चांदणे, मेघ, वसंत, उपवन इत्यादी उद्दीपन. येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. उद्दीपन विभाव भावना शून्यातून निर्माण करीत नाही. आधीच असलेल्या भावनेला तो चेतवतो. 'मेघदूता'तील आषाढाचा मेघ विरह निर्माण करीत नाही; विरह आधीचाच आहे, मेघ तो असह्य करतो. नुसते काळे ढग जमवून कथेत दुःख निर्माण होत नाही, याचे कारण या विवेचनात सापडते.

नाट्यशास्त्रातील चित्राभिनयाच्या प्रकरणात ऋतू रंगभूमीवर कसे दाखवावेत याचे दिग्दर्शन आहे. तेथे थंडी दाखवताना उत्तम व मध्यम प्रकृतीच्या पात्रांनी अंग आखडून घेणे, ऊन, अग्नी व उबदार वस्त्र यांचा आश्रय करणे असा अभिनय सांगितला आहे. तर अधम प्रकृतीच्या पात्रांनी कुडकुडणे, दात वाजवणे, कण्हणे अशा क्रियांनी तीच थंडी दाखवावी असे म्हटले आहे. 'उत्तम' आणि 'अधम' ही विभागणी आजच्या दृष्टीने आक्षेपार्ह आहे. तरीही एकच थंडी सर्वांना सारखी लागत नाही, ती पात्राच्या सामाजिक स्थानानुसार वेगळी दिसते, हे निरीक्षण या विभागणीतून नकळत नोंदले गेले आहे.

दंडीने 'काव्यादर्शा'त महाकाव्याचे लक्षण सांगताना नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय, सूर्योदय यांच्या वर्णनांचा समावेश केला. यातून पुढे वर्णनाचे संकेत रूढ झाले आणि संकेतांची पुनरावृत्तीही झाली. त्यावरचा उतारा क्षेमेंद्राच्या 'औचित्यविचारचर्चे'त मिळतो. त्याने सांगितलेल्या औचित्याच्या प्रकारांत देशौचित्य आणि कालौचित्य यांचा समावेश आहे. वर्णन सुंदर आहे एवढे पुरत नाही. ते त्या देशाला, त्या काळाला, त्या प्रसंगाला शोभणारे हवे. हवामानवर्णनाची परीक्षा करण्यासाठी ही कसोटी आजही पुरेशी आहे.

३. पाश्चात्त्य समीक्षेतील विचार

इंग्रज समीक्षक जॉन रस्किन याने १८५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॉडर्न पेंटर्स'च्या तिसऱ्या खंडात निसर्गावर मानवी भावना लादण्याच्या प्रवृत्तीची चिकित्सा केली. लाटेला क्रूर म्हणणे, वाऱ्याला रडताना ऐकणे यात पाहणाऱ्याच्या भावनावेगामुळे वस्तूचे रूप बदलते, असे त्याचे म्हणणे होते. टी. एस. एलियट याने १९१९ च्या हॅम्लेटविषयक निबंधात वस्तुनिष्ठ प्रतिरूपाची कल्पना मांडली. भावना थेट न सांगता ती जागी करणाऱ्या वस्तू, परिस्थिती व घटनांची साखळी लेखकाने उभी करावी, हा तिचा आशय. हवामान हे अशा प्रतिरूपाचे सोपे आणि म्हणूनच धोक्याचे साधन आहे.

रशियन कथाकार अंतोन चेखव याने १८८६ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात निसर्गवर्णन थोडक्यात आणि प्रसंगोचित असावे असे सुचवले होते. चांदण्या रात्रीची नेहमीची वर्णने टाळून फुटक्या बाटलीच्या काचेवरील चमकेसारखा एखादा तपशील दिला तरी रात्र उभी राहते, असा त्याचा सल्ला होता. अमेरिकन कादंबरीकार एल्मोर लेनर्ड याने २००१ मध्ये लिहिलेल्या लेखननियमांत तर पहिलाच नियम पुस्तकाची सुरुवात हवामानाने न करण्याचा होता. मात्र त्यानेही हवामानाला पात्राचा प्रतिसाद दाखवायचा असेल तर सवलत दिली. नियमाचा रोख हवामानावर नसून माणसाविना आलेल्या हवामानावर आहे, हे यावरून लक्षात येते.

डिकन्सची 'ब्लीक हाउस' ही १८५२-५३ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेली कादंबरी लंडनच्या धुक्याने सुरू होते. ते धुके शहरभर पसरते आणि जेथे ते सर्वांत दाट आहे तेथे चॅन्सरी न्यायालय बसलेले असते. वर्षानुवर्षे न उलगडणाऱ्या दाव्यांवरचे भाष्य लेखकाने हवामानातूनच केले आहे. हवामानाने सुरू होणारी कादंबरी अपयशी ठरते असा सरसकट नियम करता येत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

४. हवामानवर्णनाची कार्ये

(अ) काळ व स्थळ यांची निश्चिती : 'जून महिना होता' हे विधान माहिती देते. 'मृग निघून गेला तरी कोणी तिफण बाहेर काढली नव्हती' हे वाक्य महिना सांगतेच, शिवाय प्रदेश, व्यवसाय आणि संकटही सांगते. सूर्याचा मृग नक्षत्रातील प्रवेश साधारणतः ७ किंवा ८ जूनला होतो. त्यामुळे पंचांग न देताही काळ नेमका कळतो.

(आ) पात्रदर्शन : 'त्या दिवशी खूप पाऊस पडत होता' या वाक्यात पाऊस कोणाचाच नाही. 'पागोळीखाली ठेवलेली घागर तिसऱ्यांदा भरून वाहू लागली, तरी दादा परतले नव्हते' या वाक्यात पावसाबरोबर वाट पाहणारे कोणीतरी आहे. घागर तीनदा भरल्याचे ज्याने मोजले त्याची अस्वस्थता वेगळी सांगावी लागत नाही. हवामान कोणाच्या इंद्रियांतून येते हे निवेदनाच्या दृष्टिबिंदूवर अवलंबून असते. शेतकरी ढग पाहतो तेव्हा त्यांची दिशा पाहतो. कोळी वारा पाहतो. रस्त्याच्या कडेला झोपणारा माणूस आडोसा पाहतो.

(इ) कथानकाची गती : नदीला पूर आला की वाट अडते, माणसे एका छपराखाली अडकतात, निरोप पोहोचत नाही. पाऊस येथे पार्श्वभूमी नसून घटना असतो. याउलट फ्रेंच कथनमीमांसक जेरार्ड जेनेट याने दाखवल्याप्रमाणे वर्णन चालू असताना कथेतील काळ थांबतो. त्याला तो विराम म्हणतो. विराम योग्य जागी आला तर ताण वाढतो, अयोग्य जागी आला तर वाचक पाने उलटतो. हवामान पात्राच्या कृतीतच गुंफले तर वर्णनही होते आणि काळही थांबत नाही.

(ई) सूचन : ध्वनिविचाराच्या परिभाषेत सांगायचे तर हवामान वाच्यार्थाने हवामान असते आणि व्यंग्यार्थाने दुसरे काही. वारा पडणे, पक्षी गप्प होणे, उकाडा वाढणे हे वादळापूर्वीचे वास्तव तपशील आहेत. तेच घरातील भांडणापूर्वी आले तर सूचक बनतात. तपशील आधी वास्तव म्हणून खरा असला पाहिजे, मगच तो सूचक होतो. माघात पडलेला सोयीस्कर पाऊस सूचक न ठरता कृत्रिम ठरतो.

(उ) विरोध : दुःखाच्या प्रसंगी पाऊस आणि आनंदाच्या प्रसंगी कोवळे ऊन ही जुळणी वापरून गुळगुळीत झाली आहे. स्वच्छ, प्रसन्न सकाळी आलेली मृत्यूची बातमी अधिक अंगावर येते, कारण तेथे निसर्ग माणसाच्या दुःखाशी सहमत होत नाही. निसर्गाची ही उदासीनता नवकथेच्या काळातील बदललेल्या जीवनदृष्टीशी सुसंगत होती. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथांनी घटनेपेक्षा मनोवस्थेला महत्त्व दिले, तेव्हा वातावरणाचे कार्यही बदलले.

५. मराठी कथात्म साहित्यातील रूपे

दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६) हे पुस्तक कथात्म नाही. बारा महिन्यांवरील ते ललितलेखन आहे. तरीही त्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे. झाडे, फुले, पक्षी, आभाळाचे रंग यांची महिन्यागणिक बदलणारी रूपे किती अचूक निरीक्षणाने टिपता येतात याचा वस्तुपाठ या पुस्तकाने घालून दिला. हवामानवर्णनाला भाषेपेक्षा निरीक्षण आधी लागते, हा त्यातून मिळणारा धडा आहे.

व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) ही माणदेशातील धनगरवस्तीची कादंबरी. औंध संस्थानातील शाळेवर नेमलेला तरुण शिक्षक पायी वाट तुडवत त्या वस्तीवर येतो. मोकळे माळरान, विरळ झाडी, मेंढरांचे कळप आणि पावसाची अनिश्चितता यांतून वस्तीचे जगणे उभे राहते. एका बैलाच्या जोडीला शेकूची बायको स्वतःला जुंपून घेते हा प्रसंग हंगामाची निकड सांगतो. शेताचे काम थांबवता येत नाही, कारण ओल थांबत नाही. कादंबरीच्या अखेरीस दुष्काळ पडतो, मेंढरे घेऊन माणसे जगायला बाहेर पडतात आणि शाळा ओस पडते. येथे हवामान सुरुवातीच्या परिच्छेदापुरते आलेले नाही. तेच कथानकाचा शेवट घडवते. माडगूळकरांची शैली अल्पाक्षरी असल्यामुळे रखरखीचे वर्णन रखरखीत भाषेतच येते, हेही लक्षणीय आहे.

गो. नी. दांडेकर यांच्या 'माचीवरला बुधा' (१९५८) मध्ये मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला वृद्ध बुधा आणि तेथील ऋतू यांच्यात अंतरच उरत नाही. त्यांच्या 'पडघवली' (१९५५) मध्ये कोकणातील खेड्याचा ऱ्हास एका स्त्रीच्या निवेदनातून येतो. श्री. ना. पेंडसे यांच्या 'हद्दपार' (१९५०), 'गारंबीचा बापू' (१९५२) यांसारख्या कादंबऱ्यांतून दापोली परिसरातील दमट, झाडीने वेढलेला, समुद्रकाठचा प्रदेश मराठीत ठळकपणे आला. माणदेशात आभाळ हा चिंतेचा विषय असतो, तर कोकणात पावसाळा हा वर्षाचा अटळ भाग असून त्याची तयारी घरादाराला आधीपासून करावी लागते. प्रादेशिक कादंबरी म्हणजे केवळ बोलीभाषा नव्हे. प्रदेशाचे हवामान माणसांच्या सवयींत कसे मुरले आहे याचे ते चित्रण असते.

ग्रामीण साहित्यातील शीर्षके या संदर्भात बोलकी आहेत. र. वा. दिघे यांची 'पाणकळा', शंकर पाटील यांचा 'वळीव', रा. रं. बोराडे यांचे 'पेरणी', 'मळणी', 'वाळवण' हे कथासंग्रह आणि 'पाचोळा' (१९७१) ही कादंबरी, सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) ही साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरी ही नावे एकत्र वाचली तरी ऋतू आणि शेतीकाम यांचे एक वर्ष डोळ्यांसमोर येते.

जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेचा मार्ग वेगळा आहे. 'काजळमाया' (१९७२), 'सांजशकुन' (१९७५), 'पिंगळावेळ' (१९७७) या शीर्षकांतच अंधार, सांज आणि उजाडण्यापूर्वीचा प्रहर आहेत. 'रमलखुणा'तील 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथांचा प्रदेश नकाशावर दाखवता येत नाही. त्यामुळे तेथील ऊन आणि अंधार पंचांगाला बांधलेले नसून नियतीच्या जाणिवेला बांधलेले आहेत. वास्तववादी कथेला लावायची कालौचित्याची कसोटी येथे तशीच लावता येत नाही. कथेने स्वतः निर्माण केलेल्या जगाशी ते हवामान सुसंगत आहे की नाही, एवढेच पाहावे लागते.

६. हवामान आणि जबाबदारी

हवामानवर्णनाचा सर्वांत गंभीर प्रश्न सौंदर्याचा नसून जबाबदारीचा आहे. पाऊस पडला नाही, पीक गेले, माणसे उपाशी मेली असे लिहिले की सारा दोष आभाळाकडे जातो. पाऊस न पडणे ही नैसर्गिक घटना आहे. पण उपासमार ही धान्याचे भाव, साठेबाजी, सारावसुली, कर्ज, जात आणि जमिनीची मालकी यांतूनही घडते. कथेने दुष्काळाचे करुणरम्य चित्र रंगवून या गोष्टी दृष्टीआड केल्या तर वर्णन कितीही प्रभावी असले तरी ते अर्धसत्य सांगते.

प्रेमचंद यांची 'पूस की रात' ही १९३० मधील हिंदी कथा या दृष्टीने आदर्श मानता येईल. घोंगडीसाठी साठवलेले तीन रुपये हलकू सावकाराचे देणे फेडण्यासाठी देऊन टाकतो आणि पौषातील रात्री जबरा नावाच्या कुत्र्याला बिलगून शेत राखतो. थंडी इतकी असह्य होते की नीलगायी शेत फस्त करीत असतानाही तो शेकोटीच्या उबेतून उठत नाही. सकाळी पीक गेल्याचे कळल्यावर, आता रात्री थंडीत झोपावे लागणार नाही, याचेच त्याला बरे वाटते. थंडी येथे निसर्गाची आहे, पण तिचा दंश कर्जाचा आहे. घोंगडी असती तर ती रात्र केवळ एक थंड रात्र ठरली असती.

मराठीत ही जाणीव जुनी आहे. हरि नारायण आपटे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'काळ तर मोठा कठीण आला' या कथेत दुष्काळात सापडलेल्या गरिबांची दैना चित्रित केली. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' (१९५९) मध्ये दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी नायक धान्य लुटतो. भूक आभाळाने दिली, पण धान्य कोठारात बंद होते, हे कादंबरी स्पष्टपणे दाखवते. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राचे ग्रामीण जीवन हादरले. त्या काळात हाती घेतलेल्या रोजगाराच्या कामांना पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने वैधानिक रूप दिले. खडी फोडणारी माणसे, कामावरची हजेरी, पाण्याचे टँकर हे सारे आता हवामानाच्या वर्णनाचे अपरिहार्य भाग झाले आहेत. 'बारोमास'मधील एकनाथ हा सुशिक्षित बेरोजगार शेतकरीपुत्र पावसाच्या लहरीबरोबरच बाजार, नोकरीचा अभाव आणि घरातील ताण यांच्याशी झुंजतो. दुष्काळाच्या चित्रणात पावसाबरोबर व्यवस्थाही दिसते का, हा प्रश्न समीक्षकाने आणि अध्यापकाने आवर्जून विचारला पाहिजे.

७. बदलते हवामान आणि कथेपुढील पेच

ऋतूंची नियमितता हा कथाकाराचा मोठा आधार होता. मृग म्हटले की पेरणी, हस्त म्हटले की रब्बीची ओल, हे संकेत वाचकाला ठाऊक होते. अवकाळी पाऊस, गारपीट, पावसातील दीर्घ खंड आणि अल्पकाळातील अतिवृष्टी यांमुळे हा आधार डळमळीत झाला आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. माणदेशात दीड-दोन वर्षांतही इतका पाऊस पडेलच असे नाही. एखाद्या कथाकाराने त्यापूर्वी असा पाऊस कल्पिला असता, तर तो अतिशयोक्त म्हणून नाकारला गेला असता.

अमिताव घोष यांनी 'द ग्रेट डिरेंजमेंट' (२०१६) या पुस्तकात हाच पेच मांडला आहे. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत आलेले टॉर्नेडो वादळ त्यांनी स्वतः अनुभवले. मात्र ते कादंबरीत वापरणे त्यांना जमले नाही, कारण संभाव्यतेवर उभ्या असलेल्या आधुनिक कादंबरीत अशी घटना बनावट वाटते. संभवनीयतेचे संकेत हवामानाच्या जुन्या सरासरीवर आधारलेले असतील, तर ती सरासरी बदलल्यावर संकेतही तपासावे लागतील. दुसरी अडचण भाषेची आहे. वाफसा, तिफण, पागोळी, दहिवर हे शब्द अनेक विद्यार्थ्यांना आज टीपेशिवाय कळत नाहीत. शब्दाबरोबर त्या शब्दाने पकडलेले निरीक्षणही हरवते आणि मग जुनी कथा वाचताना त्यातील ताण जाणवत नाही. तिफण बाहेर न निघण्यातील भय ज्याला कळत नाही, त्याला ती कथा संथ वाटणे स्वाभाविक आहे.

८. अध्यापनातील उपयोजन

कथा शिकवताना पुढील प्रश्नांचा उपयोग करता येईल. हे हवामान कोणत्या पात्राच्या अनुभवातून आले आहे? ते काढून टाकल्यास कथानकात, पात्राच्या निर्णयात किंवा शेवटात काय बदलेल? ते त्या प्रदेशाला आणि महिन्याला धरून आहे का? त्याची झळ सर्व पात्रांना सारखीच बसते का? नसल्यास फरक कशामुळे पडतो? एकच प्रसंग दोन वेगळ्या हवामानांत किंवा एकच पाऊस शेतमालक, शेतमजूर आणि शहरातून आलेला पाहुणा अशा तिघांच्या दृष्टीने लिहून घेतल्यास वर्णन आणि दृष्टिबिंदू यांचा संबंध विद्यार्थ्यांना स्वानुभवाने कळतो. ऋतुविषयक शब्दांचा परिसरकोश वडीलधाऱ्यांना विचारून तयार करणे हा भाषा, भूगोल आणि समाजशास्त्र या विभागांना एकत्र आणणारा उपक्रम ठरू शकतो. पर्जन्यमानाच्या नोंदी आणि कथेतील वर्णन शेजारी ठेवून वाचल्यास दोन्हींचे आकलन वाढते.

निष्कर्ष

१. हवामानवर्णन हे कथेचे बाह्य अलंकरण नसून काळ, स्थळ, पात्र, कथानक आणि सूचन यांना जोडणारा रचनाघटक आहे.
२. उद्दीपन विभाव आणि औचित्य या भारतीय काव्यशास्त्रातील संकल्पना आधुनिक कथेच्या विश्लेषणासही उपयुक्त ठरतात.
३. पात्राच्या अनुभवातून आलेला, वास्तवाशी प्रामाणिक असा एखादा तपशील विस्तृत वर्णनापेक्षा अधिक परिणामकारक असतो.
४. मराठी कथात्म साहित्यात प्रदेशपरत्वे हवामानाचे कार्य बदलते. माणदेश, कोकण, मराठवाडा व विदर्भ यांचे ऋतू एकाच मापाने मोजता येत नाहीत.
५. आपत्तीच्या चित्रणाचे मूल्यमापन करताना निसर्ग आणि मानवी व्यवस्था यांपैकी कोणावर कोणती जबाबदारी टाकली आहे, हे तपासणे आवश्यक आहे.
६. बदलत्या हवामानामुळे ऋतूंचे साहित्यिक संकेत आणि त्यांची शब्दसंपत्ती या दोहोंचा फेरविचार व जतन ही अध्यापकांची जबाबदारी ठरते.

कथेतील पाऊस कोणावर पडतो आहे हे विचारण्याची सवय वर्गात लागली, तर विद्यार्थी 'सुंदर निसर्गवर्णन' या ठरावीक उत्तरापाशी थांबणार नाहीत. साहित्याच्या वाचनातून त्यांना भोवतालच्या माणसांकडे आणि आभाळाकडेही अधिक जाणतेपणाने पाहता येईल.